ख्रिस्तपुराणातील ‘वैकुंठ’ : एका शब्दाचा आणि एका ओढीचा इतिहास

ख्रिस्ती धर्मविचारात जगाविषयी दोन विधाने एकाच वेळी केली जातात. जग ईश्वराने निर्माण केले, म्हणून ते मूलतः चांगले. आणि आद्य मानवाच्या आज्ञाभंगाने ते भंगले, म्हणून त्यात मनुष्याला पूर्ण विसावा नाही. या दोहोंच्या ताणातून स्वर्गाची ओढ उत्पन्न होते. ती केवळ मरणोत्तर सुखाची इच्छा नव्हे. तीत हरवलेल्या घराची आठवण आहे आणि दिलेल्या वचनाची प्रतीक्षाही आहे. इ. स. ४१० मध्ये रोम नगरी लुटली गेली, त्यानंतर संत ऑगस्टिनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात या भावनेला तात्त्विक रूप दिले. श्रद्धावंतांचा समाज या जगात यात्रेकरू आहे, हे त्याचे सूत्र होय. सतराव्या शतकाच्या आरंभी हीच ओढ मराठीत व्यक्त करण्याचा प्रसंग आला. तेव्हा तिला कोणता शब्द लाभला आणि त्या शब्दाला तिचा अर्थ कितपत पेलला, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

हा प्रसंग गोव्यातील साष्टी प्रांतातला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. प्रॉटेस्टंट झालेल्या स्वदेशी तो पुन्हा गेला नाही. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे त्याने नोंदविले आहे. ज्या साष्टीत त्याने काम केले तो प्रदेश मात्र शांत नव्हता. तेथील देवळे १५६७ मध्ये पाडण्यात आली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगिजांनी तेथील गावकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. भंगलेले जग ही तेथील श्रोत्यांना केवळ धर्मशास्त्रातील कल्पना वाटण्याचे कारण नव्हते.

या पार्श्वभूमीवर १६१६ मध्ये राशोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. त्याची ‘पहिले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ अशी दोन अंगे असून त्यांत अनुक्रमे ३६ व ५९ अवस्वर आहेत. एकूण ओव्या सुमारे ११,०००. ग्रंथाच्या निर्मितीचे कारण ग्रंथारंभीच सांगितलेले आहे. जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही का देत नाही, असा प्रश्न नवख्रिस्ती मंडळींतील एक ब्राह्मण पाद्री गुरूला विचारतो. प्रश्न नम्र आहे. परंतु त्यात एका गेलेल्या जगाची उणीव स्पष्ट ऐकू येते.

स्वर्गासाठी स्टीफन्सने योजलेला प्रमुख शब्द ‘वैकुंठ’ हा आहे. वरवर पाहता ही निवड धाडसाची वाटते, कारण वैकुंठ हे विष्णूचे धाम. परंतु ‘स्वर्ग’ या शब्दाची अडचण त्याहून मोठी होती. गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे पुण्य सरले की स्वर्गातून मर्त्यलोकी परत यावे लागते. ज्या स्थानी कायमचे राहावयाचे, त्याला परतीच्या वाटेचे नाव कसे द्यावे? ‘मोक्ष’ शब्दात शाश्वती होती, पण भक्ताने प्रभूसमोर उभे राहावे असे स्थळ त्यातून डोळ्यांपुढे येत नाही. वैकुंठात स्थळ आहे, प्रभू आहे आणि मुख्य म्हणजे भक्ताची तळमळ आहे. एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये पुरे झाले होते. ओवीच्या श्रोत्याला ही तळमळ नव्याने शिकवावी लागत नव्हती.

शब्द आला, तसे त्याचे जुने संदर्भही आले. भागवतात जय-विजय हे द्वारपाल शापाने वैकुंठातून पडतात आणि तीन जन्मांनंतर परत येतात. ख्रिस्तपुराणातही आरंभी देवदूतांचे पतन आहे. पण पतित ल्युसिफरला परतीची वाट नाही. पहिल्या कथेतील काळ वळून मूळ जागी येतो, दुसरीतील काळ सरळ पुढे जातो. दुःखाचे कारणही बदलते. कर्मविचारात ते ज्याच्या त्याच्या पूर्वजन्मात शोधावयाचे, येथे ते सर्व मानवजातीच्या एकाच आद्य घटनेत आहे. म्हणून सुटकेची वाट पाहणेही सामुदायिक होते. पहिल्या पुराणाचा मोठा भाग अशा वाट पाहण्याचाच इतिहास आहे. शिवाय शेवटी शरीरासह पुनरुत्थान आहे. हा सर्व आशय एका शब्दात मावणारा नव्हता. त्यासाठी कथेची गरज होती. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षा स्टीफन्सने वेगळी लिहिली होती, आणि ती १६२२ मध्ये छापली गेली. तीवर न थांबता पुराण रचण्याचे प्रयोजन माझ्या मते येथे आहे. ‘वैकुंठ’ शब्दाने ओढ पुरविली, कथेने त्या ओढीला नवा काळ दिला.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ज्या सत्तेच्या छायेत जुने जग मोडले, तिच्याच छायेत हे सांत्वन आले. तेव्हा त्याला सांत्वन म्हणावे काय? एका पाद्र्याच्या काव्यावरून सर्व धर्मांतरितांचे अंतरंग सांगता येणार नाही, हे मान्य करावे लागते. तथापि ग्रंथाचे पुढील चरित्र बोलके आहे. १६४९ व १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला. १६८४ मध्ये राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. पुढे तिन्ही आवृत्त्यांच्या प्रती नष्ट झाल्या. तरी लोकांनी हस्तलिखिते जपली. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनीही ती सांभाळली, आणि १९०७ मध्ये मंगळूर येथेच जोसेफ सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापून काढला. हुकमाने दिलेली वस्तू हुकूम फिरल्यावर टाकून देता येते. ही टाकली गेली नाही, यावरून ती वाचणाऱ्यांची झाली होती असे म्हणता येते.

आज मराठी ख्रिस्ती उपासनेत ‘स्वर्ग’ हाच शब्द रूढ आहे, आणि ‘वैकुंठवासी’ म्हणताना कोणाला साष्टी आठवत नाही. पण पुण्यक्षयाने संपणारा स्वर्ग आता ख्रिस्ती वाचकाला शाश्वत वाटतो, हा अर्थपालट सहज घडलेला नाही. स्टीफन्सने ‘वैकुंठ’ शब्दापाशी जे काम आरंभिले, तेच पुढे ‘स्वर्ग’ शब्दाच्या वाट्याला आले. शब्दकोशांत अशा अर्थपालटाची एखादीच ओळ नोंदली जाते. तिच्यामागे किती जणांनी काय गमावले आणि कशाची वाट पाहिली, हे इतिहासालाच विचारावे लागते.