दोन हेक्टरांची मर्यादा आणि बुलढाण्याचा कोरडवाहू शेतकरी

शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत ‘दोन हेक्टर’ ही मर्यादा वारंवार आढळते. दोन हेक्टर म्हणजे सुमारे पाच एकर. बागायती भागात एवढ्या जमिनीवर कुटुंबाचा निभाव लागू शकतो. बुलढाणा जिल्ह्यात मात्र घाटाखालील कपाशी असो वा घाटावरील सोयाबीन, बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे. येथे सात-आठ एकरांचा धनीही कर्जबाजारी असू शकतो. कागदोपत्री मात्र तो ‘मोठा’ ठरतो.

१ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व वर्धा यांच्यासह बुलढाण्याचा समावेश होता. या पॅकेजमध्ये थकीत व्याज माफ झाले आणि मुदलाची पुनर्रचना झाली. तथापि, निधीचा मोठा हिस्सा, २,१७७ कोटी रुपये, सिंचन प्रकल्पांसाठी होता.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना, उरलेली रक्कम भरल्यास २५ टक्के सूट मिळाली. पॅकेजमधील जिल्ह्यांत ही सूट २५ टक्के किंवा २० हजार रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढी होती. कर्जाचे कारण एकच, ते म्हणजे पावसाचा बेभरवसा. पण बांधाच्या अलीकडे पूर्ण माफी आणि पलीकडे चौथाई सूट, असा भेद झाला.

पुढे ही अट काही योजनांतून दूर झाली. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत जमिनीचे क्षेत्र विचारात न घेता दोन लाखांपर्यंतचे थकीत पीक कर्ज माफ करण्यात आले. पंतप्रधान किसान सन्मान निधी फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकरी कुटुंबांसाठी सुरू झाला. त्याच वर्षी ती मर्यादा उठली. वर्षाला सहा हजार रुपयांच्या या निधीला २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीची तेवढीच जोड मिळाली.

नुकसानभरपाईत मात्र मर्यादा टिकून राहिली. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीनसाठी २०२४ मध्ये हेक्टरी पाच हजार रुपये मिळाले, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. आपत्ती मदतीच्या २०२२ नंतरच्या केंद्रीय निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, तर बागायतीला १७,००० रुपये असा दर आहे. क्षेत्राची सीमा पुन्हा दोन हेक्टर. राज्याने ऑक्टोबर २०२५ च्या अतिवृष्टी पॅकेजमध्ये ती तीन हेक्टरांपर्यंत वाढविली. अर्थात कोरडवाहू शेतकऱ्याला दरही कमी आणि क्षेत्रही तोकडे.

याशिवाय एक वर्ग या हिशेबात येतच नाही. मदत सातबाऱ्यावरील नावाला मिळते. ठोक्याने वा बटाईने जमीन कसणाऱ्याचे बियाणे, खत आणि मेहनत वाया गेली, तरी रक्कम जमीनमालकाच्या आधारसंलग्न खात्यात जाते. मोजमाप जमिनीचे होते. पाण्याचे आणि घामाचे मोजमाप अद्याप व्हावयाचे आहे.