चार कलमांचा कायदा

१८९७ चा साथरोग कायदा मुलांना शिकवताना त्याची मूळ चार कलमे मी फळ्यावर मांडतो. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात, कायदा तोच. चौथे कलम सांगते, सद्हेतूने वागणाऱ्यावर दावा चालणार नाही. घरझडतीत दुखावलेल्याने दाद कुठे मागावी, याचे कलमच नाही. पुण्यात गोरे सोजीर माजघरात शिरले आणि २२ जूनला प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणात कलेक्टरांशेजारी लोकनियुक्त सहअध्यक्ष बसवला. २०१९ च्या पुरात आमच्या शाळेत छावणी होती. हुकूम कचेरीतून आला. म्हातारी माणसे मात्र घराबाहेर पडली ती ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. १८९७ साली उणा होता, तो हाच शब्द.