प्रमाणशीर प्रतिनिधित्व, महानगरपालिकांतील
पक्षांना वा गटांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा देण्याची पद्धती. न्यूयॉर्क शहराने ती 1936 साली सार्वमताने स्वीकारली व 1947 मध्ये रद्द केली. त्याच सुमारास, मुंबई प्रांताच्या 1937 च्या विधानसभा निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघांतील मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवारास देता येत. ही पद्धती पूर्णतः प्रमाणशीर नसली, तरी अल्पसंख्य गटांना उपकारक होती.

महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या बहुसदस्य प्रभागांत ही मुभा नाही. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत पुनावळे व आसपासची गावे 1997 साली समाविष्ट झाली. तिच्या 2017 च्या निवडणुकीत 32 चारसदस्य प्रभाग होते. मतदारास चार मते असली, तरी ती चार निरनिराळ्या जागांसाठी होती आणि प्रत्येक जागेवर सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार विजयी होई. अशा रीतीने प्रभागातील लक्षणीय अल्पमतही चारही जागांना मुकू शकते.

सभागृहात मात्र कायद्याने प्रमाणाचे तत्त्व मानले आहे. सोळा सदस्यांच्या स्थायी समितीवरील नियुक्त्या पक्षांच्या संख्याबळानुसार होतात. 2017 मध्ये 128 पैकी 77 जागा मिळविणाऱ्या भारतीय जनता पक्षाचा वाटा या हिशोबाने 9.6 येतो. तथापि येथे प्रमाण धरले जाते ते नगरसेवकांचे, मतांचे नव्हे. त्यामुळे मतदानात वगळले गेलेले अल्पमत समितीतही वगळलेलेच राहते.