शंकरपटावरील अधिकार

शंकरपट : बैलजोडी हलक्या छकड्याला जुंपून ठरलेले अंतर कमीत कमी वेळात कापण्याची मराठवाडा-विदर्भातील शर्यत. महाराष्ट्राच्या कायद्यात ‘बैलगाडा शर्यत’, ‘छकडी’ आणि ‘शंकरपट’ ही तिन्ही नावे एकाच व्याख्येत येतात. जुंपलेल्या जनावरांच्या शर्यतीवर नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्यात नेमका कोणाचा हुकूम चालतो, एवढाच या नोंदीचा विषय आहे. खेळाचे वर्णन त्यापुरतेच केले आहे.

या अधिकाराचा उगम केंद्राच्या 1960च्या प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात आहे. त्याच्या 22व्या कलमाखाली 11 जुलै 2011 रोजी निघालेल्या अधिसूचनेने वळू-बैलांचा समावेश अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या यादीत केला. या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई असल्याने बैलांच्या शर्यतीही त्या मनाईत आल्या. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नागराज’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात हीच भूमिका कायम केली आणि पट बंद झाले. शर्यतींना वाट देण्यासाठी राज्य विधिमंडळाने 2017 मध्ये या अधिनियमात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ती अडकली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अंतरिम परवानगी दिली. 18 मे 2023 रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तीन राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

जिल्हाधिकारी : दुरुस्तीने सगळे वजन जिल्हाधिकाऱ्याच्या पारड्यात टाकले. त्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पट भरवता येत नाही. शर्यत परंपरेने जिथे होत आली त्याच जिल्ह्यात, त्याने आधी मान्य केलेल्या जागीच ती घ्यायची असते. 2017च्या नियमांनुसार आयोजकाला 50,000 रुपयांची सुरक्षा ठेव द्यावी लागते आणि धावेचे अंतर 1,000 मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उमरीच्या पंचक्रोशीतल्या एखाद्या यात्रा समितीने अर्ज केला, तर कागद तहसील, पोलीस ठाणे आणि पशुसंवर्धन विभाग यांच्याकडून फिरून येतो. सहीचा मान मात्र नांदेडच्या जिल्हा प्रशासनाचा. जनावराला वेदना वा त्रास होऊ नये, ही परवानगीची मूळ अट आहे. ती मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ 1960च्या कायद्यात साध्या क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे. पन्नास रुपये आणि पाच लाख यांमधले अंतर पाहिले की राज्याने परवानगीची केवढी किंमत लावली ते कळते.

पशुवैद्यक : प्रत्यक्ष मैदानावर खरा अधिकार याचाच म्हणायला हवा. बैल धावण्याजोगा आहे असे प्रमाणपत्र त्याने दिल्याशिवाय जोडी उतरवता येत नाही. लंगडणारा, आजारी किंवा थकलेला बैल तो बाजूला काढू शकतो. पण तो पडतो एकटा, आणि समोर दूरदूरच्या गावांहून टेम्पोत घालून आणलेल्या जोड्या, त्यांचे मालक व तापलेली गर्दी असते. इथे नियम कागदावर जितका पक्का दिसतो तितका तो उरत नाही.

पोलीस : हवालदारापासून पुढच्या हुद्द्याच्या पोलिसाला 1960च्या कायद्याचे 34वे कलम लागू होते. गुन्ह्याचा वाजवी संशय असल्यास जनावर ताब्यात घेऊन जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकापुढे तपासणीसाठी हजर करण्याचा त्याला हक्क आहे. आसूड, पुराणी, आर किंवा विजेचा झटका देणारी बॅटरी हाकणाऱ्याच्या हाती दिसली, तर पोलिसालाच पुढे व्हावे लागते. पैजेचा जुगार हा वेगळा गुन्हा; तोही त्याच्याच कक्षेत.

पंच : झेंडा टाकणारा, घड्याळ धरणारा आणि रेषेवर उभा राहणारा पंच आयोजक समितीचा असतो. सरकारी अधिकाऱ्याचा दर्जा त्याला नाही. निकाल त्याचाच, वाद झाला तर पहिला शब्दही त्याचाच. पण जोडीमालकाला दंड करण्याची वा बैलावर बंदी घालण्याची वैधानिक सत्ता त्याच्याकडे नसते. मुंबई-पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींत नेमके उलटे आहे. 1802 मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे स्टुअर्ड जॉकीला दंड करतात, निलंबित करतात, घोडा अपात्र ठरवतात, आणि त्यांच्या निर्णयावर क्लबमध्येच अपील चालते. त्या शर्यतींत घोडा पाठीवर स्वार घेऊन धावतो, गाडी नसते. अमेरिका-ऑस्ट्रेलियात घोड्याला दोन चाकांची हलकी गाडी जुंपून दुडक्या चालीने पळवतात. चाल मोडून घोडा चौखूर उधळला, तर हाकणाऱ्याने त्याला आवरले की नाही हे पंच पाहतात आणि अपात्रतेचा निर्णय देतात. शंकरपटात चालीवर नजर ठेवायचे कारणच नाही. रेषा आणि सेकंद, एवढ्यावर निकाल. पंचांना मान्य चौकट आणि लेखी अपील देणारे नियम राज्याने केले असते तर पटावरचे अर्धे भांडण मिटले असते.

या भागाच्या दोन खुणा ध्यानात ठेवाव्यात. लाल कंधारी आणि देवणी या नांदेड-लातूर पट्ट्यातील बैलांच्या जाती शेतकामासाठी नावाजलेल्या. पटासाठी शौकीन खिल्लार जोडी धरतात. दुसरी खूण सीमेची. उमरीहून धर्माबादमार्गे गेले की थोड्याच वेळात तेलंगण लागते. महाराष्ट्राची दुरुस्ती त्या सीमेवरच संपते, आणि नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्याची परवानगीही.

घोडागाडी : लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, त्यामुळे या मुलखात घोडा नवा नाही. टांग्याची किंवा घोडागाडीची शर्यत मात्र 2017च्या दुरुस्तीत येत नाही. तिथे शब्द वळू आणि बैल असेच आहेत. लोकांसमोर घोड्यांचे खेळ करायचे तर 2001च्या नियमांनुसार जनावराची नोंदणी करावी लागते, आणि ती केंद्राच्या पशुकल्याण मंडळाच्या कक्षेत येते. म्हणून टांग्यांच्या शर्यतीचा अर्ज घेऊन आलेल्या समितीला बैलगाडा नियमांखाली परवानगी देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला नाही.