४२.३४ मीटरवरचा आवाज

काँग्रेस रेडिओ म्हटले की उषा मेहता आठवतात आणि ते योग्यच आहे. ऑगस्ट १९४२च्या अखेरीस मुंबईतून सुरू झालेल्या या भूमिगत केंद्रावरून त्या बोलत, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. पण आवाज पोचवायला यंत्र लागते आणि यंत्र बांधायला माणूस. त्या माणसाकडे आपल्याकडच्या लेखनात फारसे कोणी वळून पाहत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात एका आकड्यापासून करू. निवेदनात ४२.३४ मीटर ही तरंगलांबी सांगितली जाई. वारंवारतेच्या भाषेत ती सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ होते. मी अभियंता नाही; हे गणित मी पुस्तकांवरून शिकलो. हौशी रेडिओवाले ज्याला ‘चाळीस मीटरचा पट्टा’ म्हणतात, तो सात मेगाहर्ट्झपासूनच सुरू होतो. म्हणजे हे केंद्र हौशी लोकांच्याच वाटेवर उभे होते. मला हा योगायोग वाटत नाही. प्रक्षेपक जुळवणारे नरिमन प्रिंटर हे स्वतः हौशी प्रक्षेपक होते. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा सरकारने हौशींचे परवाने रद्द केले आणि यंत्रे जमा करायला सांगितली. ती बांधण्याची विद्या मात्र जमा करून घेता आली नाही.

आता व्यवहाराचे पाहू. या तरंगलांबीला अर्ध्या तरंगाची एरियल लावायची, तर साधारण एकवीस मीटर तार लागते. गेल्या वर्षी मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर, केवळ ऐकण्यासाठी, तेवढी तार ताणली. तासाभरात दोन शेजारी विचारायला आले. १९४२च्या गिरगावात, पोलिसांचा पहारा असताना, हे कसे जमवले असेल?

शिवाय प्रक्षेपक लपवता येत नाही. तो सुरू केला की तो आपला पत्ताही हवेत सोडतो. दिशा शोधणाऱ्या एरियलने दोन ठिकाणांहून रेषा काढल्या, की त्या जिथे छेदतात तिथे केंद्र सापडते. यावर उपाय दोनच: थोडा वेळ बोलायचे आणि जागा बदलत राहायचे. चौपाटीवरच्या ‘सी व्ह्यू’पासून गिरगावातल्या पारेखवाडीपर्यंत हे बिऱ्हाड असेच फिरत राहिले. प्रत्येक वेळी यंत्र हलवायचे, तार नव्याने बांधायची, जुळवणी पुन्हा करायची. एवढा खटाटोप कशासाठी, तर आष्टी-चिमूरसारख्या ज्या बातम्या वर्तमानपत्रांना मोकळेपणी छापता येत नव्हत्या, त्या लोकांपर्यंत जाव्यात म्हणून.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पारेखवाडीत प्रक्षेपण चालू असतानाच पोलीस आत शिरले. जागा बदलून केंद्र इतके दिवस टिकले होते; शेवटी ठिकाण कळले ते माणसाकडून. आपल्याच तंत्रज्ञाने फितुरी केली, असे उषाबेन पुढे सांगत. तो तंत्रज्ञ म्हणजे प्रिंटर. खटल्यात उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या १९४६ साली सुटल्या.

प्रिंटर यांच्यावर फितुरीचा शिक्का मारून थांबणे सोपे आहे. त्यांच्याविना केंद्र उभेच राहिले नसते, हेही तितकेच खरे. माझ्या मते दोष रचनेतही होता. निवेदक बदलता येत होता, पैसा उभा करता येत होता, जागा तर रोज नवी मिळत होती. यंत्राचे मर्म मात्र एक-दोघांच्याच हाती राहिले. त्यातला एक पोलिसांच्या हाती लागला आणि सगळे केंद्र उघडे पडले.

आज कोणी घरच्या संगणकावर मित्रमंडळींसाठी स्वतःचा संदेश-सर्व्हर चालवतो, तेव्हा आपण कोणावर अवलंबून नाही, असे त्याला वाटते. त्याच्या मित्रांनी मात्र एकदा विचारून पाहावे: किल्ल्या किती जणांकडे आहेत, आणि उद्या हा माणूस नसला किंवा फिरला तर काय?