जरीचं वजन आणि हाताचं मोल

अंगारकीला राजूरच्या गणपतीच्या दर्शनरांगेत उभी होते. माझ्या पुढच्या सुनेच्या ब्लाउजवर, पाठीवर सोनेरी मोर भरलेला. आपण त्याला आरी वर्क म्हणतो. आज त्या सोनेरी धाग्याची गोष्ट सांगते.

'जर' हा फारसी शब्द. अर्थ सोनं. जरदोजी म्हणजे सोन्याचं शिवणकाम. मुघलांच्या दरबारात ही कला बहरली. आपल्या शेजारी औरंगाबादेत जरीचं किनखाप विणलं जाई, पैठणला पैठणीचा पदर. पदर मागावर विणतात, जरदोजी तयार कापडावर सुईनं भरतात. काम वेगळं, पण धागा तोच.

तो धागा कसा व्हायचा? चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा. मग ती कांब जंत्रीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत ओढत केसासारखी बारीक तार काढायची. तार ठोकून चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची. हे झालं कलाबतू. असा धागा कापडातून सारखा ओढला तर उसवतो. म्हणून तो कापडावर नुसता ठेवून बारीक दोऱ्यानं टाचतात. तारेच्या स्प्रिंगसारख्या नळ्यांचे तुकडे मण्यासारखे ओवतात, त्यात टिकल्या बसवतात. कापड लाकडी चौकटीवर ताणलेलं. आरीनं भरताना डावा हात खालून धागा पुरवतो, उजवा हात वरून आरी चालवतो. मान दिवसभर खाली.

आता दुःखाची गोष्ट. जुनी वस्त्रं विरली की लोक ती जरीच्या वजनावर विकत. घेणारा ती जाळून चांदी काढून घेई. आपल्या आज्यांचे किती शालू असेच भट्टीत गेले! चांदीला भाव आला, भरणाऱ्या बोटांना नाही. त्यांची नावंही कुठे राहिली नाहीत.

आमच्या गटातल्या एका ताईनं तीन दिवस बसून एक ब्लाउज भरलं. दुकानदारानं हातावर थोडे पैसे ठेवले. म्हणाला, "ताई, धागा काही चांदीचा नाही." ती गप्प घरी आली.

मैत्रिणींनो, आजची जर बहुतेक तांब्याची किंवा प्लास्टिकची असते, हे खरं. पण मग त्या ब्लाउजची किंमत आली कुठून? सगळी हातातूनच ना! चांदी होती तेव्हा चांदी मोजली. आता मोजायला फक्त आपले हात उरलेत.

म्हणून आमच्या गटात आता वहीत तास लिहितात. काम हाती घेतलं की वेळ, उठलं की वेळ. भाव सांगायच्या आधी ती वही उघडायची. त्या ताईनं पुढच्या ब्लाउजला तेच केलं. दुकानदारानं कुरकुर केली, पण पैसे वाढवून दिले.

आणि हो, पेटीत आजीचा जुना शालू असेल तर भांडीवालीला देऊ नका. पदर उलटा करून वीण बघा. कुणाचे तरी हात दिसतील.