जाम झालेले इंजिन आणि वऱ्हाडच्या पाण्याचा इतिहास

मलकापूरचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत बहुधा एकाच तारखेसोबत येते : ३ ऑगस्ट १८०३. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या छावण्या तेव्हा या परिसरात पडल्या होत्या. वेलस्लीचा निर्वाणीचा खलिता पोहोचवून इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स त्या दिवशी शिंद्यांच्या छावणीतून निघून गेला. पुढचा क्रम आपणांस ठाऊक आहेच : सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड.

या धाग्यात मात्र ना वकील आहेत, ना खलिते. येथे आहे साडेचार इंच व्यासाचे एक बिडाचे सिलिंडर, त्यात घट्ट अडकलेला पिस्टन आणि एक प्रश्न : वऱ्हाडातील विहिरीचे पाणी बैलांऐवजी तेलावर वर येऊ लागले, ते कसे?

या स्थित्यंतराची बखर कोणी लिहिली नाही. लढाईची तारीख राहते. शेतातील मोट कोणत्या दिवशी थांबली, याची नोंद कोण ठेवणार? म्हणून अशा ठिकाणी वस्तूलाच साक्षीला बोलवावे लागते. अडचण एवढीच की ही साक्षीदार मंडळी रोज किलोच्या भावाने भंगारात जात आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी.

१८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. भुसावळहून मलकापूरमार्गे निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा फाटा खुला करण्यास आला. रुळांच्या कडेने जिन आणि प्रेस उभे राहिले : सरकी वेगळी करायची, रुईच्या गठाणी दाबायच्या आणि मुंबईस रवाना करायच्या.

या जिनांची पहिली शक्ती वाफेची. वाफ म्हटली की बॉयलर, कोळसा, उंच धुराडे आणि बॉयलरवरचा जाणता माणूस आलाच. १९२३च्या बॉयलर कायद्याने तपासणीचे नियमही देशभर एकसारखे झाले. तेलावर चालणाऱ्या इंजिनाला यांतले काहीच लागत नव्हते. हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्टच्या १८९०च्या पेटंटवरून ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने १८९२ पासून तेल-इंजिने घडवली; रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे कसोटीस उतरले. परंतु शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत पोहोचण्यास यंत्र लहान, संथ आणि दणकट असावे लागते. त्या मापाचे एक यंत्र इंग्लंडमधील डर्स्ली गावच्या लिस्टर कारखान्याने १९३०च्या सुमारास बाजारात आणले. (हा कारखाना १८६७ मध्ये स्थापन झाला, म्हणजे रेल्वे नागपूरला आली, त्याच वर्षी. योगायोगच, पण लक्षात ठेवण्यास सोयीचा.)

देशी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. भारतात डिझेल इंजिन घडवण्याचा आरंभ १९३०च्या दशकात साताऱ्यास, धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात झाला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीस ऑइल इंजिन्सचा कारखाना काढला. पुढे राजकोटच्या छोट्या कारखान्यांनी लिस्टरच्या धर्तीची इंजिने इतकी घडवली की ‘लिस्टर टाइप’ हे एका जातीचेच नाव होऊन बसले.

आता विहिरीकडे येऊ. मोटेची रचना तरुण वाचकांनी प्रत्यक्ष पाहिली नसेल. चामड्याची मोट, जाड नाडा, उतरती धाव. बैल धाव उतरतात तेव्हा मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते. मग बैलांना पाठमोरे मागे यावे लागते. निम्मा वेळ आणि निम्मे श्रम या परतीत जातात. याउलट पाच अश्वशक्तीच्या इंजिनाचा हिशेब मांडून पाहा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाण्याची पातळी दहा मीटर खाली असेल आणि निम्मी शक्ती पंपात, पट्ट्यात, पाइपात वाया गेली असे धरले, तरी सेकंदाला सुमारे १९ लिटर पाणी वर येते. आणि इंजिन पाठमोरे चालत नाही.

येथे भौतिकशास्त्राची एक मेख आहे. पंप पाणी ओढतो म्हणजे वातावरणाचा दाब ते वर ढकलतो, आणि हा दाब पाण्याला १०.३ मीटरपलीकडे नेऊच शकत नाही. व्यवहारात सहा-सात मीटर. म्हणून खोल विहिरीत पंप मध्यावरच्या कपारीत बसवत, इंजिन काठावर राही आणि दोघांना जोडणारा लांब पट्टा तिरपा खाली उतरे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आमच्या अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये जे इंजिन आले, ते मलकापूर तालुक्यातीलच एका विहिरीवरचे. डर्स्लीचे लिस्टर, एकच उभे सिलिंडर, दोन बाजूंना दोन भारी चाके, एकूण वजन तीनशे किलोंच्या पुढे. वरचे छप्पर कधीचेच उडालेले, धुराड्याची नळी आभाळाकडे उघडी. कित्येक पावसाळ्यांचे पाणी त्या नळीतून, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून थेट पिस्टनवर गेले होते. भंगारवाल्याशी सौदा ठरलेला होता. त्याच भावाने आम्ही ते घेतले.

इंजिन ‘जाम’ दोन प्रकारे होते. चालता चालता तेल संपून किंवा पाणी तुटून पिस्टन तापला, फुगला आणि सिलिंडरला घासून चिकटला, हा एक प्रकार. त्यात धातूवर उभे ओरखडे पडतात. दुसरा प्रकार उभ्या उभ्या गंजण्याचा. लोखंडापेक्षा गंज अधिक जागा व्यापतो, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यात जणू पाचर ठोकली जाते. हे दोन प्रकार ओळखणे इतिहासकाराच्या दृष्टीने मोलाचे आहे : पहिल्यात इंजिन काम करताना मेले, दुसऱ्यात ते बेकार झाल्यावर. आमच्या इंजिनाचे हेड उतरवले तेव्हा ओरखडे नव्हते, लालसर गंजाचे कडे होते. खालच्या टाकीचा बूच काढल्यावर आधी पाणी आले आणि मग काळे तेल. म्हणजे हे यंत्र धडधाकट असताना बंद केले गेले. का, ते पुढे पाहू.

मदतीला एक वयोवृद्ध मिस्त्री होते. जिनात उमेदवारी केलेले. पहिल्याच दिवशी हातातला घण पाहून त्यांनी बजावले, “घन मारू नोका भाऊ. थे बीड हाये, पटकन तडकते.” बिडाचा हा स्वभावच आहे : दाब कितीही सोसेल, धक्का सोसणार नाही. चाकाच्या आऱ्यांत पहार घालून जोर लावणारे आरे मोडून बसतात, आणि मोडलेला आरा पुन्हा तसा होत नाही.

उपाय वेळखाऊ आहे. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अॅसिटोन समभाग मिसळून पिस्टनच्या डोक्यावर ओतायचे आणि वाट पाहायची. (अॅसिटोन चटकन पेट घेते, आसपास विडी, वेल्डिंग काही नको.) द्रवाची पातळी उतरू लागली की समजावे, रिंगांच्या फटीतून वाट सापडली. मग सिलिंडरच्या मापाचा बाभळीचा ठोकळा वरून ठेवून हलके ठोके, आणि चाकाच्या धावेला लाकडी फळी आवळून पुढे-मागे हेलकावे. एका दिशेने रेटायचे नाही. गंजाची पूड मागे सरायला जागा मिळाली पाहिजे. तेविसाव्या दिवशी चाक अर्धा सूत हलले. मिस्त्री लोकांचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरच. पण जे दीड मिलिमीटर हलते, ते बाहेरही येते. बाजूची झडप उघडून कनेक्टिंग रॉडचे बोल्ट काढले आणि सिलिंडर पिस्टनसकट वर उचलले.

येथून वाचन सुरू झाले.

सिलिंडरचा मूळ व्यास ११४.३ मिलिमीटर. वरच्या टोकाशी, जेथे पिस्टन वळतो, तेथे झीज सर्वाधिक असते. आमच्या मापात ती जवळजवळ अर्धा मिलिमीटर भरली. हे काही हंगामांचे काम नव्हे. इंजिनाने वर्षानुवर्षे, काळ्या मातीची धूळ हवेसोबत गिळत, पाणी ओढले होते.

पट्ट्याचे चाक एकाच काठाला गुळगुळीत झिजलेले होते. वर सांगितलेला तिरपा पट्टा आठवा : पंप खाली कपारीत होता, म्हणजे विहीर खोल होती.

पाणी फिरण्याच्या कप्प्यात भाकरीइतका जाड पांढरा थर. किराणा दुकानातले लिंबूसत्व पाण्यात विरघळवून ओतले तसा तो फसफसला, म्हणजे चुना. विहिरीचे पाणी जड होते आणि तेच पाणी इंजिन थंड ठेवण्यास वापरले जात होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची चर्चा आपण नकाशांवरून करतो. येथे एका विहिरीच्या पाण्याचा स्वभाव हाताने खरवडता आला.

आणि रंगाचे थर. सर्वांत खाली कारखान्याचा गडद हिरवा. त्यावर तांबडा. त्यावर दोन-तीन ठिकाणी चकचकीत निळा आणि लाल, जो यंत्राचा नव्हे, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तसा. ओतीव अक्षरांच्या खाचांत तेलाने घट्ट झालेले हळदीकुंकू होते. दसऱ्याला यंत्राची पूजा होते, हे आपण जाणतोच. पण बैलांचे काम करणाऱ्याला पोळ्याचा रंगही मिळाला असावा, असे मला वाटते. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. तरीही कोणत्याही कागदाने मला हे सुचवले नसते.

याच ठिकाणी आमच्यात मतभेद झाला. मिस्त्रींचे म्हणणे : सगळा रंग सोड्याने उतरवा, नवा हिरवा मारा, पितळी फलक घासून चकचकीत करा. जुन्या इंजिनांचे बहुतेक हौशी लोक हेच करतात आणि त्यांचा उत्साह कौतुकास्पद असला तरी मला ही पद्धत शिलालेखावर ऑइलपेंट फासण्यासारखी वाटते. दुसऱ्या टोकाचे मत असे की इंजिन सुरूच करू नये, आहे तसे ठेवावे. तेही मला पटत नाही. न फिरणाऱ्या इंजिनात पाणी पुन्हा साचते आणि गंज पुन्हा बसतो. अखेर ठरले ते असे : प्रत्येक थराचे छायाचित्र आधी, सफाई नंतर. रंगाला हात नाही. खड्डे पडलेली जुनी लायनर बाहेर काढून, चिठ्ठी बांधून जपून ठेवायची आणि तिच्या जागी राजकोटची नवी घालायची. मूळ भाग गमावला का? चालत्या अंगातून, होय. पण झीज मोजण्यासाठी ती उद्याही हाती आहे.

उरलेले काम नेहमीचे : व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने बसवले, रिंगा नव्या घातल्या. पिस्टन आणि हेड यांच्यातले अंतर मोजण्याची जुनी युक्ती सुंदर आहे. पिस्टनवर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवायचा, हेड आवळायचे, चाक एकदा फिरवायचे आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजायची. ती सुमारे एक मिलिमीटर हवी. नोझल तपासताना हात दूर ठेवावा. त्या दाबाचा डिझेलचा फवारा कातडीत शिरतो. आणि पहिल्या सुरुवातीला हवेच्या तोंडाशी एक फळी तयार हवी. डिझेल पंपाची दांडी गंजून अडकली असेल तर इंजिन आवरेनासे वेग घेते. तेव्हा हवा तोडणे हाच उपाय.

हँडल मारले. व्हॉल्व्ह उचललेला, चाकांना वेग आलेला, मग व्हॉल्व्ह सोडला. दोन वेळा नुसता पांढरा धूर. तिसऱ्यांदा पकडले. फलकावर ६०० फेरे लिहिले आहेत. चार टप्प्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटते, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. जुनी माणसे सांगतात की रात्री खाटेवर पडल्या पडल्या, कोणाच्या मळ्यात पाणी चालू आहे हे आवाजावरून कळे. ते पाच ठोके ऐकल्यावर हे सहज शक्य वाटते.

राहिला प्रश्न, धडधाकट इंजिन बंद का पडले? १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत खेड्यांत विजेचे खांब पोहोचले. १९७३ मध्ये जगभर तेल महागले. विहिरीवर विजेची मोटार बसली की डिझेल भरणे, हँडल मारणे, नोझल साफ करणे हे सारेच संपले. आमच्या इंजिनाच्या चौथऱ्यालगत भिंतीत मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीसाठी ठोकलेल्या लाकडी खुंट्या अजून आहेत.

शेवटी एक विनंती. १८८३ आणि १८८४च्या कायद्यांनुसार सरकार शेतकऱ्यांना तगाई कर्ज देत असे, आणि इंजिनासाठी काढलेल्या तगाईचे कागद अनेक घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत असू शकतात. तुमच्या शेतावर असे इंजिन पडून असेल तर घासण्यापूर्वी फलकाचे छायाचित्र घ्या : क्रमांक, अश्वशक्ती, फेरे. सोबत बिल, तगाईची पावती किंवा सुट्या भागांची यादी सापडली, तर तीही पाठवा. मलकापूर, नांदुरा, मोताळा या तीन तालुक्यांची यादी आम्ही सुरू केली आहे. आजमितीस तिच्यात एकच इंजिन आहे.